मुलीनं स्वतः यायचं

“मुलगी कुठंय?” बाईंनी खिडकीच्या जाळीआडून विचारलं.

“वर्गात,” समोरचा माणूस म्हणाला. “मी वडील. नुसतं विचारायला आलोय. अभ्यासक्रम मध्येच सोडायचा तर काय नियम असतो?”

बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. मुलगी वर्गात बसलीय आणि बाप नाव काढायची चौकशी करतोय! विद्यापीठाच्या या खिडकीत बाईंची उभी हयात गेली होती. सहकारी त्यांना पाठीमागे ‘फौजदार’ म्हणत, ते उगाच नव्हे.

“विद्यार्थ्यानं स्वतः यायचं, कारण स्वतः सांगायचं. परस्पर काही चालत नाही.”

“आणि घरच्यांची संमती नसेल तर?”

“सज्ञान मुलीला ती लागत नाही. सोडायलाही नाही अन् शिकायलाही नाही!”

माणसाचा चेहरा पडला. तो नजरेला नजर देत नव्हता. बाईंच्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघत होता. इथं नक्की पाणी मुरतंय, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं. त्यांचं स्वतःचं नाव थोरल्या भावानं कॉलेजातून असंच परस्पर काढून आणलं होतं. तिथल्या कारकुनानं त्याला एका शब्दानं हटकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मुलीला घेऊनच हजर झाला. ती त्याच्या दंडाला बिलगून चालत होती. पोर घाबरलीय, बाईंना वाटलं. त्यांनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, मुलीला आत घेतलं आणि दार लोटलं.

“आता खरं सांग. कुणी दटावलंय? लग्न ठरवलंय का परस्पर?”

“नाही हो, मॅडम. बाबा तर मी सोडतेय म्हणून परवापासून धड जेवलेसुद्धा नाहीत.”

“मग सोडतेस कशाला?”

“त्यांचे डोळे गेलेत. बस चालवायचे ते. आता नुसत्या सावल्या दिसतात. आई नाही. मला त्यांच्या डेपोत काम मिळतंय.” तिनं दाराकडे पाहिलं. “काल ते इथं आले होते ना? एकटेच, चाचपडत? मला अडवता येतं का, तेच विचारायला आले असणार.”

कालची आपली जरब आठवून बाई मनातून खजील झाल्या.

“नाव काढू नकोस,” त्या अखेर म्हणाल्या. “वर्षाची रजा घे. जागा तशीच राहते.”

“वर्षानं बाबांना दिसायला लागणार आहे का?”

“ते मी कसं सांगू, बाळ? पण तुझं नाव राहील.”

मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “रजाच लिहा.”

बाईंनी वडिलांना आत बोलावलं, स्वतः उठून खुर्ची पुढे सरकवली.

“काढलंत नाव?” त्यानं विचारलं.

“नाही. वर्षभर रजेवर आहे.”

“म्हणजे परत येईल?”

रजा घेऊन गेलेली किती पोरं बाईंनी पाहिली होती! परतलेली बोटावर मोजण्याइतकी.

“यायलाच हवं,” त्या म्हणाल्या.

दोघं निघाली. बाई दारात उभ्या राहिल्या. जिन्यापाशी मुलीनं हात पुढे केला. त्यानं तो हलकेच बाजूला सारला, भिंतीला तळवा टेकला आणि पायानं पायरी शोधत तो तिच्या पुढे उतरू लागला.