आमच्यात विचारत नाहीत

आपली खापरपणजी क्रांतिकारक होती, हे नमिताला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेवरून कळलं.

"बघू, बघू," म्हणत दर्शनाने पत्रिका तिच्या हातातून ओढून घेतली. मुलुंडच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दोघी अठरा वर्षं शेजारी बसत होत्या. "'काळ्या पाण्याच्या कविता. अंदमानातील थोर क्रांतिकारक महिलेच्या वंशज नमिताताई यांचा सत्कार.' आईशपथ! बोलली नाहीस कधी?"

"कारण ती क्रांतिकारक नव्हती."

"मग कोण होती?"

"कैदी."

"तेच ना. काळ्या पाण्यावर काय पाकीटमार पाठवायचे?"

नमिता नळ्यांवर लेबलं चिकटवत राहिली. ती पोर्ट ब्लेअरची. शिक्षा भोगून झाल्यावर तिथेच राहिलेल्या, तिथेच लग्नं केलेल्या कैद्यांची पतवंडं-खापरपतवंडं त्या गावात हजारोंनी आहेत. त्यांच्यात एक रीत आहे. सोयरीक जुळवताना नारळाची झाडं किती, जमीन कुठल्या बेटावर, सगळं विचारतात. पूर्वज कुठल्या गुन्ह्यासाठी आला, ते विचारत नाहीत. घरात ठाऊक असलं तरी कुणी सांगतही नाही. नमिताने कार्यक्रमासाठी पाठवलेल्या कवितेत ती रीत एका ओळीत आली होती, आणि कार्यक्रम ठेवणाऱ्या वाचनालयाचे सचिव नंदकिशोर यांनी त्या मोकळ्या जागेत स्वतःच्या मनाने क्रांतिकारक बसवला होता.

"जाऊ दे ना गं," दर्शना म्हणाली. "शिवी थोडीच दिलीये?"

"शुगर तीनशे आली आणि मी रिपोर्टात एकशे दहा लिहिली तर?"

"पेशंट खूश होईल."

"आणि?"

"आणि मरेल. बरं बाई, कर त्याला फोन."

जेवणाच्या सुट्टीत तिने फोन केला.

"छापून झालंय हो, नमिताताई," नंदकिशोर म्हणाले. "तीनशे प्रती. आणि लोक त्यासाठीच येणार आहेत."

"पण ते खोटं आहे."

"असं कसं? मग कशासाठी नेलं होतं त्यांना?"

नमिता डब्याचं झाकण लावू लागली.

"बघा, तुम्हीच सांगत नाही. मग आमचं चुकलं हे कशावरून? या हो शनिवारी. सहाला. जरा काठाची साडी नेसून या."

तिने फोन ठेवला. त्या दुपारी तिने शिरेत सुई घालायचं काम दर्शनाला करायला सांगितलं. अठरा वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं.

शनिवारी हॉल भरला होता. पहिल्यांदा कवी सुशांत उठले. ते मे महिन्यात सहा दिवसांच्या अंदमान सहलीला जाऊन आले होते आणि सोळा कविता घेऊन आले होते.

"इथली प्रत्येक लाट म्हणजे एक हुंदका," त्यांनी घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, "इथली प्रत्येक वीट रक्तात भिजलेली. या बेटावर फुलंसुद्धा शरमेने फुलतात."

लोकांनी 'वा' म्हटलं. नमिता दुसऱ्या रांगेत होती. तिच्या आईने अंगणात लावलेली जास्वंद वर्षभर फुलायची, आणि शरमेने नक्कीच नाही. शेजारची मुलं फुलं चोरायची म्हणून आई काठी घेऊन धावायची. सहा दिवसांत या माणसाने तिथल्या एकाही माणसाशी बोलायची तसदी घेतली नव्हती. सोळा कवितांत एक घर नव्हतं, एक बाजार नव्हता, एक शाळा नव्हती. आणि ज्या तुरुंगाच्या भिंतींवर तो रडत होता, तो बांधायला घेतला तेव्हा तिची खापरपणजी सुटून संसाराला लागली होती.

"आता," नंदकिशोर माइकवर आले, "ज्या वीरांगनेने देशासाठी काळं पाणी भोगलं, तिच्या वंशज. आपण सगळ्यांनी उभं राहून मानवंदना देऊ या."

खुर्च्या सरकल्या. सगळा हॉल उभा राहिला. नमिता माइकपाशी गेली.

"बसा," ती म्हणाली. "कृपा करून बसा. माझ्या खापरपणजीचं नाव सोनूबाई. ती वीरांगना नव्हती."

"काय हा विनय!" सुशांत खुर्चीतून म्हणाले.

"विनय नाही. तिने देशासाठी काही केलेलं नव्हतं."

"अहो ताई," नंदकिशोर हसत हसत माइककडे झुकले, "मग काय बाईमाणसाला उगीच उचलून नेलं? सांगा ना लोकांना."

लोकही हसले. प्रेमानेच हसले. नमिताला त्या हसण्याचाच राग आला. जे तिच्या आजीला नवऱ्याने विचारलं नाही, आईला सासूने विचारलं नाही, ते हा माणूस तीनशे लोकांसमोर गंमत म्हणून विचारत होता.

"नवरा मारला म्हणून," ती म्हणाली.

हसू अर्ध्यातच थांबलं. मागे कुणीतरी हळूच "अरे बापरे" म्हणालं. अजून उभे असलेले एक आजोबा खाली बसले.

तिने कागद उघडला.

"माझ्या खापरपणजीला बोटीतून उतरवलं
तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं."

पुढची ओळ होती: तिने काय केलं होतं, आमच्यात विचारत नाहीत. नमिता त्या ओळीपाशी थांबली. एकशे चाळीस वर्षं ती ओळ खरी होती, दोन मिनिटांपूर्वीपर्यंत. तिने ती गाळली.

"तिने नंतर काय केलं, ते सांगते.
दोन म्हशी, सात नारळ, चार मुलं.
ज्या उतारावर थांबून तुम्ही फोटो काढता
त्या उतारावर मी सायकल शिकले."

टाळ्या वाजल्या नाहीत. नंदकिशोरांनी घाईने सुशांतना आणखी एक कविता म्हणायची विनंती केली.

नमिता जागेवर परत आली. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी दोघींच्या मधे ठेवलेली पर्स उचलली, तिची चेन लावली आणि मांडीवर घेतली.

सुशांतनी अनाम कैद्यांवरची कविता सुरू केली. अंधारकोठडीत कुणीच ज्याचं नाव विचारलं नाही, असा कुणी एक कैदी त्यात होता. हॉलमध्ये हुंदका ऐकू आला. शेजारच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. दुसरा हात पर्सवर होता.

नमिता उठली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली, पाठ खुर्चीला न टेकवता.