प्लास्टरचं अंडं

मावशीच्या तोंडून साप हा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. ती लांबडं म्हणायची. नाव घेतलं की येतं, असं तिचं म्हणणं. “आणि लांबडं म्हटलं की बहिरं होतं का ते?” भाची दातातला दोरा न सोडता विचारायची, आणि पार्लरमध्ये भुवया कोरायला बसलेल्या बायका फिदीफिदी हसायच्या.

या भाचीला मावशीनेच वाढवलं होतं. बहीण गेली तेव्हा पोर रांगत होती; मावशीने ठरलेलं लग्न मोडलं आणि तिला कडेवर घेतलं. भाचीला हे पाठ होतं, कारण येणारा-जाणारा तिला ते ऐकवायचा. उपकाराची गोष्ट ऐकून ऐकून कान किटतात, आणि भाचीचे तर शाळेत असतानाच किटले होते. आता मावशी मागच्या खोलीत राहायची, खोकायची आणि परसातल्या कोंबड्यांचं सगळं बघायची. भाचीला ती खोली हवी होती. पुढच्या खोलीतल्या पार्लरमध्ये केस धुवायचं बेसिन काही केल्या मावत नव्हतं. पण आईसारख्या मावशीला हाकललं, असं गावभर होऊन चालणार नव्हतं. गिऱ्हाईक तुटलं असतं. कारण हवं होतं.

कारण कोंबड्यांनी दिलं. अंडी कमी यायला लागली.

“लांबडं येतंय,” मावशी म्हणाली. पाण्याच्या टाकीखाली मिळालेली कात तिने कागदावर ठेवून आणली.

“कात टाकून गेलं ना? गेलं म्हणजे गेलं,” भाची म्हणाली. “मग अंडी कोण नेतं?”

नंतर एकदा दुपारी कर्दळीच्या आळ्यात ते मावशीला दिसलं. तिने हाका मारल्या. भाची आणि तिचा नवरा येईपर्यंत तिथे नुसती ओली माती होती. नवरा हॉस्पिटलात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचा. माणूस वाईट नव्हता, पण बायकोच्या बाजूला उभं राहिलं की जेवण गरम मिळतं हे त्याला कळलेलं होतं. “सापडला तर साप, नाहीतर मावशी,” तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

अंड्याची युक्ती मात्र भाचीची. नवऱ्याने उरलेल्या प्लास्टरचं एक अंडं केलं, चांगलं मोठं, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत. बुडाशी त्याच्या अंगठ्याचा ठसा तेवढा राहून गेला. ते गुपचूप खुराड्यातल्या पेंढ्यात ठेवलं. “खाईल तेव्हा दात पडेल,” भाची म्हणाली, “आणि चोर आपल्या पायाने बोंबलत येईल.”

दुसऱ्या दिवशी अंडं नव्हतं. पण बोंबलत कुणी आलं नाही. मावशी नेहमीसारखी चहात बिस्किट बुडवून खात होती. भाचीने तिला पार्लरमध्ये बोलावलं, मुद्दाम, समोरच्या काकू केस रंगवायला बसल्या होत्या तेव्हा.

“काल पेंढ्यात मोठं अंडं होतं. कुठंय?”

“लांबड्याने नेलं असेल गं.”

“कुणी? नाव घे त्याचं. नाव घेतलंस तर आत्ता ह्यांना काठी घेऊन पाठवते.”

मावशीचे ओठ हलले, पण जन्मभर गिळलेला शब्द काही वर येईना.

“बघा काकू,” भाची म्हणाली. “मावशी, एवढंच म्हण, मी घेतलं. मग राहा खुशाल.”

“न केलेलं कबूल कसं करू? खोटं बोलू नको म्हणून तुला मी मारलंय.”

“मारलंयस ना,” भाची म्हणाली. “विसरले नाहीये.”

त्या आठवड्यातच नवऱ्याने मावशीला वृद्धाश्रमात पोचवलं. निघताना ती रडली नाही. खुराडं आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत पाला साचतो, तो काढत जा, एवढं तिने दोनदा सांगितलं. पाला कुणी काढला नाही. मागच्या खोलीत बेसिन बसलं.

मग कोंबड्या खुराड्यात शिरेनात. नवरा काठी घेऊन सांदीत वाकला आणि दचकून मागे आला. साप खुराड्याच्या तारेच्या जाळीत अडकला होता. डोक्याकडचा अर्धा भाग बाहेर, शेपटाकडचा आत, आणि मध्ये फुगवटा. आत जाताना जिथून सहज गेला, तिथून पोटातलं अंडं घेऊन त्याला निघता येत नव्हतं. ओढून ओढून तार कातडीत रुतली होती आणि तिथे मुंग्या लागल्या होत्या. तो अजून जिवंत होता. माणूस बघून त्याने डोकं उचललं, पण ते त्याला पेलवलं नाही. जाळी कापून त्याला सोडता आलं असतं. प्लास्टर कापायची कात्री घरातच होती. नवऱ्याने फावडं आणलं. डोकं चेचलं तरी अंग बराच वेळ वळवळत राहिलं. मग त्याने कात्री आणली आणि फुगवटा चिरला.

अंडं आख्खं होतं. त्याने ते नळाखाली धुतलं. बुडाशी अंगठ्याचा ठसा होता.

भाची येऊन बघत उभी राहिली. तिचा चेहरा क्षणभर उतरला, नाही असं नाही.

“म्हणजे मावशी...” तो म्हणाला.

“म्हणजे काय? बेसिन बसलंय,” ती म्हणाली. “आणि हा साप पुरून टाका. कुणाला दिसायला नको.”

संध्याकाळी आश्रमातून फोन आला. भाचीचे हात काकूंच्या केसांच्या रंगात बरबटलेले होते, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

“पोरी, मी आहे.”

“हं.”

“इथं खोलीला खिडकी नाही गं. पलीकडची बाई सारखी तिच्या मुलाला हाका मारते.” मावशी खोकली. “मी विचार केला. साप नव्हता.”

भाचीचा हात थांबला. हा शब्द तिने या आवाजात कधी ऐकला नव्हता.

“साप-बीप काही नव्हता. ते अंडं मीच घेतलं. कबूल करते. आता घरी ने मला.”

खिडकीत अंडं वाळत ठेवलं होतं. भाचीने त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“घेतलंस? आणि केलंस काय त्याचं?”

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते जुळवायला वेळ लागतो.

“खाल्लं.”

“कसं?”

“उकडून. मीठ लावून.”

“बरं लागलं?”

“हो गं. छान होतं. आत बलक पण मोठा होता.”

नवऱ्याने तोंडावर हात दाबला तरी हसू फुटलंच. काकूंना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या.

“मावशी, चोराला घरात घेऊ नये, हे तूच शिकवलंस ना? आता कबूल केलंस म्हटल्यावर कसं नेऊ?”

“तू म्हणाली होतीस, कबूल केलं तर...”

भाचीने कोपराने फोन बंद केला.

“ऐकलंत ना, काकू?”

“ऐकलं बाई, या कानांनी ऐकलं,” काकू म्हणाल्या. “तुझ्या जागी मी असते तर आधीच पाठवलं असतं.”

भाचीने पुन्हा ब्रश रंगात बुडवला. नवऱ्याने खिडकीतलं अंडं उचललं, सुकलंय का ते गालाला लावून पाहिलं, आणि पुन्हा खुराड्यातल्या पेंढ्यात ठेवायला घेऊन गेला.