जोडाचा खिसा

बाजाराच्या तोंडाशी उभं राहून टेलरबाईंनी पर्स काखोटीला मारली, चष्मा पुसला आणि लढाईवर निघाल्यासारखी लांबवर नजर टाकली. रस्ता काही नजरेत मावेना. दोन्ही बाजूंना दुकानाला दुकान चिकटलेलं, दुकानापुढे फूटपाथवर आणखी एक दुकान थाटलेलं, आणि मध्ये उरलेल्या जागेत सगळं शहर लोटलेलं. गाड्यांना इथे मज्जाव होता. जायचं ते पायी, आणि तेही समोरचा चालेल त्या चालीने.

"वन्सं, बूट चावत नाहीत ना?"

"तू माझ्या पायांकडे बघू नकोस, वहिनी. दुकानांच्या काचांकडे बघ," थोरल्या नणंदबाई म्हणाल्या. बूट नवे होते आणि चावत होते, पण ते कबूल केलं असतं तर त्या नणंदबाई कसल्या?

प्रकरण असं होतं. टेलरबाईंना एकुलती एक लेक. लहानपणी अंगाने काडी आणि जिभेने टोकदार, म्हणून आत्यानेच तिचं नाव टाचणी पाडलं आणि ते कायमचं चिकटलं. आईच्या शिलाईच्या दुकानात, मशीनच्या पायाशी, चिंध्यांच्या ढिगात ही पोर वाढली. हात असा की बघत राहावं. आपल्यामागे मशीन हीच चालवणार, असं टेलरबाईंनी मनाशी कधीच पक्कं करून टाकलं होतं. लेकीला विचारायचं तेवढं राहून गेलं. टाचणीने दुकानांच्या काचा सजवायचं काम धरलं. आज ह्या दुकानाची शोकेस, उद्या त्या दुकानाची. तेव्हापासून टेलरबाईंचं एकच पालुपद होतं: "घरचं दुकान सोडून पोरगी लोकांच्या दुकानात बाहुल्या नटवते."

मागच्या आठवड्यात जेवताना त्यांनी ते पुन्हा म्हटलं आणि टाचणीने हातातला घास ताटात ठेवला.

"आई, तू माझं काम एकदा तरी येऊन बघितलंयस?"

"बघायला कशाला पाहिजे? माझ्या हाताखाली वाढलीस तू. हजार काचांत तुझी काच ओळखीन."

"मग ओळखच."

तिथल्या तिथे पैज लागली. मोठ्या बाजारात टाचणीने नुकतीच एक काच सजवली होती. कुठल्या दुकानाची, ते ती सांगणार नव्हती. आईने रस्ता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालायचा, कुणाला विचारायचं नाही, आणि शेवटच्या चहाच्या दुकानात येऊन काय ते सांगायचं. ओळखली, तर टाचणी हे काम सोडून मशीनवर बसणार. नाही ओळखली, तर बाहुल्यांचा विषय पुन्हा जन्मात निघणार नाही. शब्द म्हणजे शब्द. दिलेला शब्द दोघींनाही मोडता येत नाही, हे त्या घराचं जुनं दुखणं होतं. पंच म्हणून आत्याला नेमलं, कारण आत्या आईची बाजू घेईल अशी भीती कुणालाच नव्हती.

टेलरबाई निघाल्या ते छाती काढून. कपड्यांचं दुकान दिसलं की थांबायच्या. टाचणी टेलरची पोर, ती कपड्याच्याच दुकानात सापडणार, हा त्यांचा हिशेब. घड्याळं, चष्मे, गाद्या, दिवे असल्या दुकानांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. कपड्यांच्या दुकानापुढे मात्र काचेला नाक लावून पुतळ्याच्या खांद्याची शिवण तपासायच्या, आणि फूटपाथवर टांगलेला एखादा झगा दिसला की सवयीने आधी त्याची खालची दुमड उलटून बघायच्या. कपड्याची लायकी उलट्या बाजूला कळते, असं त्यांचं मत होतं. माणसाचीही, असं त्या गिऱ्हाईक गेल्यावर म्हणायच्या.

"घेणार आहात का?" एका विक्रेत्याने वैतागून विचारलं.

"शिवलेलं घेत नाही मी. शिवते," टेलरबाई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. मग नणंदेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "कापड पुरलं नाही म्हणून बाहीला जोड दिलाय मेल्याने. उघडा दिसतोय."

"जोडाबद्दल तू तरी बोलू नकोस हं वहिनी! टाचणीच्या फ्रॉकचा खिसा विसरलीस वाटतं?"

टेलरबाई कशाला विसरताहेत? टाचणीचा शाळेचा पहिला दिवस होता. राखाडी कापड खुद्द नणंदबाईंनी भेट दिलेलं, आणि नेमकं तेच अपुरं. कसंही बेतलं तरी खिसा होईना. शेवटी अर्धा खिसा राखाडी तुकड्याचा आणि अर्धा दुसऱ्या कुठल्याशा पिवळ्या चिंधीचा असा जोडला. जोडावर बारीक गोट लावला, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसेल. तरी सगळे हसले, आणि पहिल्यांदा हसल्या त्या कापड देणाऱ्याच. टाचणीने मात्र तो फ्रॉक काखेत अडकून वर जाईनासा होईपर्यंत अंगावरून उतरवला नाही.

"पुरेसं कापड दिलं असतंत तर जोड लागला नसता," टेलरबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं. गर्दीत आवाज हरवतो म्हणून माणसं कधीकधी धीट होतात.

रस्त्याच्या मध्यावर सगळ्यात मोठं दुकान होतं. त्याची काच एखाद्या घराच्या भिंतीएवढी. आत निळ्या कापडाचा समुद्र केलेला आणि त्याच्या काठावर लांब कोट घातलेले पुतळे उभे. बघणाऱ्यांची रीघ लागली होती. टेलरबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"हीच," त्या म्हणाल्या. "कापडाच्या चुण्या बघा कशा सोडल्यात. माझाच हात." मग शेजारच्या अनोळखी बाईला, "माझ्या लेकीने केलंय." तिच्या नवऱ्यालाही, "माझीच लेक." आणि दारातल्या पहारेकऱ्याने काही विचारलं नव्हतं, तरी त्यालाही सांगितलं.

तेवढ्यात समुद्राच्या एका लाटेमागून एक दाढीवाला तरुण उठून उभा राहिला. ओठांत टाचण्या धरलेल्या. तो दाराने बाहेर आला, टाचण्या हातावर काढून घेतल्या आणि अगदी आदबीने म्हणाला, "काकू, ही काच मी लावलीय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अनोळखी बाईने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने आभाळाकडे. नणंदबाई पदपथाच्या कठड्याला धरून हसत सुटल्या. "हाच ना गं तुझा हात? दाढीवाला?"

"वाटलंच होतं मला," टेलरबाई म्हणाल्या. "मागून क्लिपा लावून कोट आवळलेत. माझी लेक असलं करणार नाही." आणि ताडताड चालू लागल्या.

पण पुढची दुकानं त्यांना धड दिसेनात. मघाशी सगळीकडे लेकीचा हात दिसत होता, आता कुठेच दिसेना. आणि मग जे इतकी वर्षं मनात येऊ दिलं नव्हतं ते आलं. आपल्याला ठाऊकच नाही. पोरगी रोज घरातून बाहेर पडते, बोटांना चिकटपट्टीचा डिंक आणि केसांत रंग घेऊन परत येते, आणि ती करते काय, हे आपण बघायलाच गेलो नाही. पैज हरायची भीती नव्हती ती. लेकीसमोर उभं राहून "नाही ओळखलं" म्हणायची भीती होती, आणि ती फार वाईट होती.

रस्ता संपत आला. समोर चहाच्या दुकानाची पाटी दिसू लागली.

"वहिनी, थांब," नणंदबाई म्हणाल्या. "चावतात गं बूट." हे कबूल करणं म्हणजे पाय खरंच गेले असणार. त्या एका दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि बूट काढू लागल्या. टेलरबाई काचेला पाठ टेकून उभ्या राहिल्या. दुकान हार्डवेअरचं होतं, म्हणजे त्यांच्या कामाचं नव्हतंच.

काचेपुढे चारसहा माणसं रेंगाळत होती. हातोडी घ्यायला आलेली वाटत नव्हती.

"फूल आहे," एकजण म्हणाला.

"फूल कसलं? नकाशा आहे. ही नदी," दुसरा म्हणाला.

टेलरबाई नुसत्या कुतूहलाने वळल्या.

काचेत फिक्या रंगाची मोठी फळी उभी केली होती, आणि तिच्यावर पक्कडी, नट आवळायचे पाने, बिजागऱ्या, कड्या, साखळ्या, खिळे अशा दाटीने बसवले होते की करंगळी शिरायला जागा नव्हती. एकाचं पोट दुसऱ्याच्या बाकात. साखळीच्या बारीक रेघेने त्या सगळ्याचे वेगवेगळे आकार पाडले होते. फूल नव्हतं ते आणि नकाशा तर नव्हताच. पुढचा भाग, पाठ, बाहीच्या पोटात घुसवलेली दुसरी बाही, गळ्यातून निघालेल्या तुकड्यात बसवलेली कॉलर. कापड कमी असलं की टेबलावर तुकडे असेच बेततात, चिंधीभरही वाया न घालवता. एका लहान मुलीचा फ्रॉक होता तो, कापायच्या आधीचा. आणि खाली कोपऱ्यात, शेवटच्या उरलेल्या जागेत खिसा. अर्धा राखाडी लोखंडी स्क्रूंचा, अर्धा पिवळ्या पितळी स्क्रूंचा, आणि मधून बारीक तारेचा गोट.

टेलरबाईंनी काचेवर तळहात ठेवला. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. अभिमानाने त्यांनी काचेवरूनच त्या खिशाच्या कडेने बोट फिरवलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या. "खिसा."

नणंदबाई एक बूट पायात, एक हातात अशा उठल्या. आधी पिवळे स्क्रू बघितले, मग राखाडी. म्हणाल्या, "माझंच कापड की गं." मग खालच्या आवाजात, "कमीच दिलं होतं मी."

मग नणंदबाईंनाच पंचाची जबाबदारी आठवली. "वहिनी, पण ओळखलं म्हणालीस तर पोर हे सगळं सोडून मशीनवर येऊन बसेल. शब्दाची पक्की आहे ती. त्यापेक्षा नाही ओळखलं म्हणून सांग. मी काही बोलायची नाही. सुटेल बिचारी."

"आणि आईला आपला खिसाही आठवत नाही, असं समजून जन्मभर राहील?"

नणंदबाईंनी दुसराही बूट काढून हातात घेतला. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, पण टेलरबाईंचे पाय निघाले होते.

चहाच्या दुकानात टाचणी खिडकीपाशी बसली होती. पुढ्यातला चहा तसाच, वर साय धरलेली. आईला बघून ती उभी राहिली. ओळखलं का, हे विचारायलाही घाबरली होती.

टेलरबाई समोर बसल्या. पर्स टेबलावर ठेवली.

"खिशाची पिवळी बाजू तू उजवीकडे घेतलीस. ती डावीकडे होती."

टाचणीचा चेहरा आधी फुलला, मग लगेच पडला, आणि दोन्हीच्या मधून ती कशीबशी म्हणाली, "बेतताना कापडाची उलटी बाजू वर असते ना, आई? मग खिसाही उलटाच दिसणार. तूच शिकवलंस."

टेलरबाईंनी चष्मा काढून पुन्हा पुसला. त्यांची चूक त्यांच्याच धंद्यात काढणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. भेटलं ते घरातच, आणि त्याचाही त्यांना अभिमानच वाटला.

"खाण तशी माती," नणंदबाई म्हणाल्या आणि न विचारता टाचणीचा चहा पिऊन टाकला.

"म्हणजे तू जिंकलीस," टाचणी म्हणाली. ती टेबलाकडे बघत होती. "हातातली दोन कामं संपवते आणि येते मशीनवर. शब्द म्हणजे शब्द."

"मशीनवर? एवढी वर्षं दूर राहिलीस, शिवण सरळ येईल का तुझी?" टेलरबाईंनी नाक उडवलं. "मशीनवरची तुझी जागा मी काढून घेतली. जिंकले ना मी? मग काय घ्यायचं ते मी ठरवणार. माझ्या दुकानाला पण काच आहे. मोठी नाही, पण आहे. तिच्यावर मी आजवर पडदा ओढून ठेवलाय. ती सजवून दे."

टाचणीने मान वर केली.

"पण लगेच नको," टेलरबाई म्हणाल्या. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला, सख्ख्या नणंदेलाही, त्या ज्या आवाजात नंबर लावा म्हणायच्या, त्याच आवाजात त्या पुढे म्हणाल्या, "तुझी आधीची गिऱ्हाईकं असतील. त्यांचं आधी कर. मी नंबर लावते."

टाचणी टेबलाला वळसा घालून आली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. लहानपणी टाचणी टोचली की रडायची तशीच, आवाज न करता.

परत जायला जवळचा रस्ता होता. टेलरबाईंनी तो धरला नाही. तिघी पुन्हा त्याच गर्दीतून निघाल्या, आणि हार्डवेअरच्या दुकानापुढे नवी माणसं नकाशा की फूल करत उभी होती. टेलरबाई तोंड उघडणार, एवढ्यात नणंदबाईच बूट हातात घेऊन अनवाणी पुढे घुसल्या.

"फ्रॉक आहे तो," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "बेत ह्या आईचा, काच ह्या लेकीची. आणि तो खिसा बघा. जोड आहे ना, तो कापड कमी पडलं म्हणून नाही. आमच्या घरात तसाच शिवतात."