पाव इंच

मी हॅनाच्या दारातली मापाची फळी बोलतेय. उंची बरोबर अठ्ठेचाळीस इंच, केसभरही कमी-जास्त नाही. माझ्याबद्दल लोकांचं मत फारसं चांगलं नाही, हे मला ठाऊक आहे. बावीस उन्हाळे मी लेकरांना रडवलं आणि आईबापांना भांडायला लावलं. पण माझी बाजू कुणी कधी विचारली नाही, म्हणून आज मीच सांगते.

हॅना म्हणजे लाकडी रोलर कोस्टर. पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांत, तळ्याकाठच्या एका जुन्या पार्कात ती उभी होती. पार्कच्या पहिल्या मालकानं तिला आपल्या सासूचं नाव दिलं होतं. का दिलं, ते पहिल्या उतारावर जावयांना आपोआप कळायचं.

मीही आधी तिच्याच अंगाचा भाग होते. त्या पहिल्या उताराच्या कडेला सुतारांना पाय ठेवायला ज्या फळ्या होत्या, त्यांतली एक. एका कडक हिवाळ्यात माझं टोक तडकलं आणि एमिल कोवाल्चिकनं मला उपटून काढलं. जळणात टाकायला निघाला होता. मग थांबला, मला नखानं टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "चांगलं लाकूड आहे, वाया कशाला घालवायचं?"

त्यानं तडकलेला भाग कापला, रंधा मारला, टेपनं तीनदा मापलं. माझ्या अंगावर टोपडं घातलेली एक म्हातारी रंगवली आणि वर आडवी पट्टी ठोकून तिचा पुढे केलेला हात केला. हॅनाच्या हाताला डोकं टेकलं तरच आत जायचं. म्हातारीचा चेहरा त्याला काही जमला नाही. दाढ दुखत असल्यासारखी ती दिसायची. हात मात्र अगदी मापात होता.

एमिल हॅनाचा सुतार. रोज पहाटे कमरेला हातोडी आणि पाना अडकवून तो तिच्या रुळांवरून चालत जायचा. आठ मजली घराएवढ्या उंचीवर, पाऊस असो की धुकं असो. एकेक खिळा, एकेक बोल्ट बघत पूर्ण फेरी मारायचा आणि मगच खाली येऊन कॉफीचा थर्मास उघडायचा. एकतीस वर्षं हे चाललं. मी माणसं पुष्कळ पाहिली, पण कुणी बघत नसताना इतकं नीट काम करणारा दुसरा पाहिला नाही.

गंमत म्हणजे तो स्वतः हॅनात कधी बसला नव्हता. झुलत्या खुर्चीतसुद्धा त्याला मळमळायचं. कुणी चिडवलं की म्हणायचा, "मी तिच्यावर चालतो. बसायचं काम गिऱ्हाइकांचं."

माझ्याशेजारी उभी असायची वर्ना. हिवाळ्यात ती शाळेच्या कँटीनमध्ये वाढायची आणि उन्हाळ्यात इथं पोरं मापायची. गावातलं एकूण एक पोर तिच्या हातचं जेवलेलं, त्यामुळे तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. ती तळवा पोराच्या डोक्यावर आडवा ठेवायची, केस हलकेच दाबायची आणि नजर मात्र खाली पायांकडे. "टाचा, बाळा. टाचा टेकव."

काय काय युक्त्या पाहिल्या आम्ही! बुटात कागदी रुमालांचे बोळे, थोरल्या बहिणीचे उंच टाचांचे बूट, डोक्यावर मधमाश्यांच्या पोळ्याएवढा अंबाडा. एका बापानं तर वर्नाला शपथेवर सांगितलं, "अहो, कालच डॉक्टरकडे पन्नास भरला हा!" वर्ना म्हणाली, "मग काल यायचं होतंत." काही पोरं माघारी फिरता फिरता म्हणायची, "हॅना भंगारच आहे, मला नकोच होतं." कोल्ह्याला द्राक्षं आंबट! मला राग यायचा नाही. पुढच्या उन्हाळ्यात तीच पोरं धावत येऊन माझ्याशी उभी राहायची.

एमिलची नात टेसा हीही त्यांतलीच. आठ वर्षांची, पण अंगानं लहानखुरी. तिची आई वृद्धाश्रमात दिवसपाळी करायची, त्यामुळे आईचं काम सुटलं की संध्याकाळीच ती पार्कात यायची. तीन उन्हाळे माझ्यापाशी मापून घेत होती. आजोबाला ती 'जेदो' म्हणायची. त्यांच्या स्लोव्हाक घरात तसंच म्हणतात. आणि जेदोनं तिला शब्द दिला होता, "तू हॅनाच्या हाताला टेकलीस की त्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसेन. मग ओकलो तरी चालेल."

त्या वर्षी वसंतात दारावर कागद लागला. हा हॅनाचा शेवटचा हंगाम. लेबर डेच्या सुट्टीला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, रात्री दहाला ती बंद होणार, आणि दुसऱ्या दिवशीपासून पाडायला सुरुवात. तिच्या जागी लोखंडी येणार होती. एमिलनं कागद वाचला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखा वर चढला.

जूनमध्ये टेसा पाऊण इंच कमी भरली. जुलैच्या शेवटी अर्धा. ती काटकुळी पोर दूध काय प्यायची, घराच्या चौकटीला काय लोंबकळायची! आणि मग रविवारची संध्याकाळ आली. हॅनाचा फक्त एक दिवस उरला होता.

"टाचा, टेसा," वर्ना म्हणाली.

"टेकल्यात, मिस वर्ना. चिकटल्यातच जमिनीला."

वर्नानं तळवा ठेवला. तळवा आणि माझा हात यांच्यात फट राहिली. पाव इंच.

एरवी वर्ना अशा वेळी "अजून नाही, राणी, पुढच्या वर्षी ये" म्हणायची. पण त्या संध्याकाळी ते म्हणायचं कसं? पुढचं वर्ष आणायचं कुठून?

नवा मॅनेजर तिथंच घुटमळत होता. तरुण, शर्टाची इस्त्री न मोडणारा. तो म्हणाला, "अहो, पाव इंच म्हणजे एका बिस्किटाएवढं! आणि एमिल आपला माणूस आहे. सोडा पोरीला."

रांगेतूनही आवाज उठले. "सोडा की, बाई!" "नातवंडं नाहीत का तुम्हाला?"

"पाच आहेत," वर्ना मागे न बघता म्हणाली. "आणि डब्यात मांडीवर उतरून माणसाला धरून ठेवणाऱ्या दांड्याला कुणी आपलं नसतं, कुणी परकं नसतं. नाही सोडणार."

टेसाला घेऊन आलेल्या एमिलचा चेहरा उतरला होता, पण तो भांडला नाही. त्यानं खिशातून टेप काढला आणि गुडघ्यावर बसून मलाच मापायला लागला. मी जुन्या, मुरलेल्या झाडाचं लाकूड. इतकी वर्षं बरोबर असण्याचा मला केवढा तोरा! पण त्या क्षणी पहिल्यांदाच वाटलं, देवा, मी चुकीची निघू दे.

"अठ्ठेचाळीस," एमिल म्हणाला. "पूर्ण."

"मग रंधा आणा," मॅनेजर हसत म्हणाला. "खालून पाव इंच घासा. परवा तर हिला कचऱ्यातच टाकायचीय. कुणाला कळतंय?"

एमिल उठला. गुडघे झटकले. "टेसाच्या मागून पाव इंच कमी असलेली आणखी पोरं येतील," तो म्हणाला. "तीही बसतील. त्यांचे आजोबा मला ओळखतसुद्धा नाहीत, पण हॅनाच्या दारातली फळी खरी आहे असं समजून पोरांना आत सोडतात. मी ते कसं कापू?"

मला बनवणारा माणूस असा होता, याचा मला आजही अभिमान वाटतो.

टेसा रडली नाही. डोळे मात्र भरले होते. तिनं विचारलं, "जेदो, मी आज रात्रीत वाढेन का?"

रांगेतली माणसं हसली. वर्ना हसली नाही. तिनं टेसाला विचारलं, "पोरी, तू कधी सकाळी आलीयेस माझ्याकडे?"

"नाही. आई कामावर असते ना."

"अगं बाई!" वर्नानं कपाळावर हात मारला. "आमच्या शाळेची नर्स पोरांची उंची पहिल्याच तासाला घेते. दुपारी घेतली तर आकडे कमी भरतात. दिवसभर उड्या मारून माणूस दबतो, गादीसारखा. आणि आपला नियम काय आहे, एमिल?"

एमिल हळूहळू म्हणाला, "सकाळी मापून मनगटाला निळा पट्टा बांधला की तो दिवसभर चालतो."

"दिवसभर चालतो! पहिल्यापासून तसाच आहे. ज्यांनी आकडा ठरवला त्यांनी दिवसभराचं दबणं धरूनच ठरवलाय. तेव्हा उद्या दहाला आण तिला. पण ऐक, उठवायचं नाही, बसवायचं नाही, चालवायचं तर नाहीच. आडवी आण."

"आणि सकाळीही कमी भरली तर?" मॅनेजरनं विचारलं.

"तर नाही," वर्ना म्हणाली. एमिलनं मान हलवली.

लेबर डेला एमिल पहाटे शेवटची फेरी मारून आला. कॉफी न पिता घरी गेला. दहाला पार्क उघडलं आणि मी जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. फळ्या वाहायची हातगाडी ढकलत एमिल येत होता. गाडीवर गोधडी, गोधडीवर टेसा, ताठ आडवी, पायात बूट, हात पोटावर, डोळे आभाळाकडे. घरापासून मोटारीच्या मागच्या सीटवर अशीच आणली होती. केळंही आडव्यानंच खाल्लं होतं.

"काय एमिल, कुणाला पुरायला नेतोस?" फुगेवाला ओरडला.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा!" एमिल घामाघूम झाला होता. "धक्का लावू नका, उंची सांडेल!"

पार्कभर बातमी पसरली. तळणं सोडून बायका आल्या, झाडूवाले आले. सगळे माझ्याभोवती गोळा झाले.

एमिलनं नातीला दोन्ही हातांवर उचललं आणि अलगद माझ्याशी उभं केलं. वर्नानं आधी बूट काढून आत पाहिले. शेवटी ती वर्नाच. मग बूट घातले, टाचा पाहिल्या, केस दाबले. तिनं खिशातून एक कागद काढला आणि डोकं नि माझा हात यांच्यामध्ये सरकवायला गेली.

कागद जाईना. तिनं दुसऱ्या बाजूनं पाहिलं. जाईना. टेसाचं ते ऊबदार छोटं डोकं माझ्या हाताला टेकलं होतं आणि भीतीनं थरथरत होतं. मला हात असून तिला कुरवाळता येत नव्हतं.

"टेकलीस गं," वर्ना म्हणाली. पट्टा बांधताना तिला बकल सापडेना.

सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या. एकटा एमिल पांढराफटक पडला होता.

"जेदो," टेसा म्हणाली, "आता पाय मागे नाही घ्यायचा."

ती दोघं पहिल्या डब्यात बसली. मांडीवर दांडा उतरला, टेसाच्या मांडीवर घट्ट बसला. गाडी कडकड करत वर गेली, आणि एमिलची किंकाळी सगळ्या पार्कानं ऐकली. टेसाचं हसू त्याच्याही वर ऐकू येत होतं. एकतीस वर्षं ज्या लाकडावरून तो पावलापावलानं चालला, त्यावरून तो दीड मिनिटात फिरून आला.

गाडी थांबली. टेसा "परत! परत!" करत होती. एमिल उतरला, खांब धरून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता ओकणार. तो वर्नाला म्हणाला, "पुढची गाडी सोडू नकोस."

"का रे, पोटात ढवळतंय?"

"ते ढवळतंयच. पण तिसऱ्या उताराच्या तळाशी डावीकडून ठोका लागतोय. बारीक आहे. चालताना कधी कळला नाही, बसलो तेव्हा कळला."

मॅनेजर घड्याळ बघत पुढे आला. "एमिल, रांग बघा केवढी आहे. आज रात्री हॅना बंद होतेय. उद्या पाडणार आहोत आपण तिला!"

"उद्या ना?" एमिलनं कमरेचा पाना चाचपला. "माणसं आज बसणार आहेत."

तो वर गेला. रांग चाळीस मिनिटं उभी राहिली आणि एकानंही तक्रार केली नाही. टेसा माझ्या पायाशी बसून वर बघत होती. लांबून हातोडीचे ठोके ऐकू येत होते. मग ते थांबले. एमिल खाली आला, वर्नाकडे बघून म्हणाला, "सोड आता."

रात्री दहापर्यंत हजारावर माणसं हॅनात बसून गेली. तो ठोका कुणालाही लागला नाही.

हॅना गेली. मला वर्नानं कचऱ्यातून उचलून घरी आणलं. आता मी तिच्या परसात उभी आहे, घेवड्याचा वेल माझ्यावर चढतो आणि माप न जुमानता हाताच्या वर निघून जातो. मला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगायचंय: एखाद्या दारात माझ्यासारखीनं तुमच्या लेकराला अडवलं, तर तिच्यावर ओरडू नका, आणि बुटात बोळे तर घालूच नका. तुमचं लेकरू सुखरूप राहावं म्हणून कुणीतरी दारात उभं आहे, आणि त्याच्याचसाठी पहाटे कुणीतरी रुळांवर चढून आलंय.