वामनची उजवी मूठ

"मूठ आवळा बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वामनने जोर लावला. उजव्या हाताची बोटं अर्धी वळली आणि तिथेच थांबली.

"ठीक हाय, मॅडम."

पहाडात सैन्याची रसद नेताना गाडी दरीत कलंडली, खांद्यापासून हात कामातून गेला आणि नाईक वामन किनाऱ्यावरच्या आपल्या दांडी गावी परतला, त्याला बरीच वर्षं लोटली. तेव्हा अपंगत्व तीस टक्के ठरलं होतं, पेन्शनही त्याच हिशोबाने. हात आणखी वाळला म्हणून ते वाढवून मिळावं, यासाठी त्याने पालघरच्या सैनिक कार्यालयात खेटे घातले, तेव्हा कुठे लष्करी इस्पितळात ही फेरतपासणी लागली. आणि इथे गडी प्रत्येक प्रश्नाला 'ठीक हाय' म्हणत ताठ उभा! शेवटी बाईंनी बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोला आत बोलावलं.

जमनाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"काय ठीक हाय, बाई? शर्टाची बटनं मी लावते. परवा तव्याला हात लागला, कातडी जळाली. वास मला आला, त्याला कायबी कळलं नाय."

वामन भिंतीकडे बघत राहिला. परतीच्या गाडीने दोघं बोईसरला उतरली.

"सगळंच सांगितलंस," रिक्षात बसल्यावर तो म्हणाला.

"मंग कोन सांगनार? तू?"

निकाल पालघरला कळला. कार्यालयातले कमलाकांत, स्वतः माजी सैनिक, खुर्चीतून उठले.

"साठ टक्के, वामनराव! आणि आता पुन्हा तपासणी नाही. हात सुधारणार नाही, म्हणून कायमचं धरलंय."

जमनाने हात जोडले. वामनही हसला. पण जिना उतरताना तो मध्येच थांबला. मागितलं होतं ते हेच. तरीही दर वेळी डॉक्टरकडे जाताना त्याला आतून वाटायचं, कुणीतरी म्हणेल, हात सुधारतोय. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी तो किनाऱ्यावर गेला. धाकटा भाऊ जानू माणसांना घेऊन होडी वर ओढत होता. दादाचा हात बरा झाला की तो येईल, म्हणून जानू दर मोसमाला होडीवर एक खलाशी कमीच घ्यायचा.

"जानू, यंदा दुसरा खलाशी बघ."

"का रं दादा?"

"माजी वाट नको बघू आता."

जानूचे हात दोरावर थांबले. त्याने मान हलवली, माणसांना हाक दिली आणि दोर पुन्हा ताणला गेला. वामन दोराच्या वाटेतून बाजूला झाला.