धुण्याच्या दगडाची साक्ष

झुंबरबाईनं एकदा पाय रोवला की यारी लावली तरी तो उचलत नाही, असं हिवरपांढरीत म्हणतात. यारी म्हणजे विहिरीतला मलबा वर ओढणारं यंत्र. झुंबरबाईचं अर्धं आयुष्य त्या यारीच्या बादलीपाशी गेलेलं, तेव्हा गावानं उपमाही तिच्याच कामातली काढली होती.

त्या सकाळी ती मोरीपाशी ओल्या हातानं मोबाइल धरून उभी होती. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. जिंतूरच्या कॉलेजात खनिजांचं प्रदर्शन भरलं होतं, लांबलांबून हौशी संग्राहक आले होते, आणि मधल्या टेबलावर काचेच्या पेटीत एक दगड मांडला होता. गुलाबी पाकळ्यांच्या गादीवर हिरवे, काचेसारखे स्वच्छ स्फटिक. ओळखायला तिला क्षणही लागला नाही. स्वतःच्या हातानं काढलेली वस्तू कुणी विसरतं का?

मग तिनं खालची पाटी वाचली. चौथीपर्यंतचं शिक्षण, त्यामुळं सावकाश, अक्षराला अक्षर लावत. ‘हिरवा अपोफिलाइट’ एवढं वाचून झालं, आणि पुढं गाव आलं ते भलतंच. पलीकडच्या जिल्ह्यातली कुठली तरी नामांकित खाण. तिचं डोकं फिरलं.

दोन वर्षांमागं गावच्या विहिरीचं काम चाळीस फुटांवर गेलं, तेव्हा मांजऱ्या खडक लागला. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकाचा, पोटात गारगोट्या घेऊन बसलेला खडक. सुरुंग उडाला आणि कडेला घागरीच्या तोंडाएवढी पोकळी उघडी पडली. गड्यांचे आडवे हात आत फिरेनात. शेवटी झुंबरबाई बादलीत बसून खाली उतरली, खांद्यापर्यंत हात घातला, आणि केसातल्या आकड्यानं माती कोरत तीन तासांनी तो दगड अखंड बाहेर काढला. उजव्या मनगटावरचा वण तेव्हाचा. जिंतूरचे व्यापारी ओमप्रकाशशेठ दुसऱ्याच दिवशी जीप घेऊन आले, ठरला तो मोबदला चोख देऊन गेले. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती, आजही नव्हती.

“जाऊ दे की,” नवरा म्हणाला. सूर्यभान हा जन्माचा ‘जाऊ दे’वाला माणूस. “दगुड इकला, पैसे खाल्ले. आता त्येंनी त्येला कोन्च्या का गावचा म्हनंनात.”

“लेक दिली म्हून तिचं माहेर पुसून टाकतेत व्हय?” झुंबरबाई म्हणाली.

तिनं मोरीपुढचा धुण्याचा दगड उकरून काढायला घेतला, तेव्हा सूर्यभान लगबगीनं पुढं आला. “आता धुनं कशावर?”

“आज पारोसं ऱ्हावा.”

तो दगडही त्याच सुरुंगाचा. पोकळीच्या पाठीला लागून फुटलेला, एका अंगानं सपाट, म्हणून तिनं घरी आणलेला. त्याच्या कडेला ड्रिलच्या भोकाची अर्धी पन्हाळी होती. खडक भोकाच्या रेषेवर फुटला की निम्मं भोक एका तुकड्यावर राहतं, निम्मं दुसऱ्यावर. दोन वर्षं तिच्या धुण्याचं पाणी त्या पन्हाळीतून वाहत होतं.

पोत्यात दगड, डोक्यावर चुंबळ. फाट्यावर एसटी आली.

“मावशी, काय हाय पोत्यात?” कंडक्टरनं विचारलं.

“दगुड.”

“जिंतुरात दगडाचा दुष्काळ पडलाय का?”

“खऱ्या दगडाचा पडलाय,” ती म्हणाली आणि पोतं पायाशी घेऊन बसली.

कॉलेजच्या सभागृहात माणसं भिंगं घेऊन टेबलांवर वाकली होती. झुंबरबाई सरळ मधल्या टेबलाशी गेली आणि पोतं धपकन खाली ठेवलं. सगळ्या माना वळल्या. ओमप्रकाशशेठ तिथंच होते. तिला बघून त्यांचा चेहरा पडला, पण व्यापारी माणूस, लगेच सावरले.

“या मावशी. चहा घ्या.”

“चहा नंतर. ही पाटी खोटी हाय. ह्यो दगुड आमच्या हिवरपांढरीच्या इहिरीतला.”

परीक्षक भक्ती मॅडम परभणीहून आल्या होत्या, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या. त्या उठून जवळ आल्या. शेठ हसले. “मॅडम, हिरवे स्फटिक शंभर ठिकाणी निघतात. मावशींचा गैरसमज झालाय.”

“मग मागनं फिरवा,” झुंबरबाई म्हणाली. “माझ्या दगडावरल्या भोकाचं निम्मं तिथं हाय.”

मॅडमनी पेटी उघडून नमुना अलगद फिरवला. खालची बाजू करवतीनं सपाट कापली होती. दगड टेबलावर नीट बसावा म्हणून व्यापारी असं करतातच, हे तिला कुठून ठाऊक असणार? पन्हाळी दिसेना. शेठनी हात बांधले. कुणीतरी मागं हसलं. आपण एवढ्या लांब वेड्यासारखं ओझं वाहून आणलं, असं तिलाही एकदा वाटून गेलं. पण एकदाच.

“अजून वर बगा,” ती म्हणाली. “पाकळ्याच्या मागं.”

मॅडमनी नमुना उजेडात धरला. कापल्या जागेच्या वर, अंगठ्याएवढी पन्हाळी शिल्लक होती. पोत्यातला दगड टेबलावर आला. झुंबरबाईनं पदरानं साबणाचा थर पुसला, आणि दोघींनी मिळून ते तुकडे एकमेकांना लावले. मोडलेल्या भाकरीचे दोन तुकडे जुळावेत तसे ते जुळले. पूर्ण गोल भोक दिसलं. खडकातली हिरवट मातीची बारीक रेघ एका तुकड्यातून निघून दुसऱ्यात सरळ चालत गेली. मॅडमनी तिच्यावर दोनदा भिंग फिरवलं.

“गैरसमज मावशींचा नाही,” त्या म्हणाल्या. “शेठ, पत्ता चुकीचा असला तर अभ्यासाला हा नमुना कुचकामी आहे. नुसता शोभेचा दगड.”

शेठनी झुंबरबाईला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. “मावशी, हे मी तुमच्याच भल्यासाठी केलं. नाव कळलं तर उद्या दहा जीपा गावात येतील. विहिरी पोखरतील. जागा लपवावीच लागते, या धंद्यात सगळेच लपवतात.”

बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. झुंबरबाईनं ते ऐकून घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “येऊ द्या जीपा. कुनाला उतरू द्यायचं आन् कुनाला न्हाई, ते गाव ठरवंल. झाकून ठेवायला आमी काय चोरी केलीय? भल्यासाठी म्हून आमचं नावच खोडायलाव व्हय तुमी?”

मॅडमनी कोरी पाटी आणि पेन पुढं केलं. “तुम्हीच लिहा.”

तिनं लिहिलं. हिवरपांढरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. गावची विहीर, चाळीस फूट. कुणी काढला, या रकान्यापाशी ती थांबली, मनगटावरच्या वणाकडं बघितलं, आणि ‘झुंबरबाई सूर्यभान’ असं ठळक लिहून पेन परत दिलं. तिला लय बरं वाटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

शेठ मात्र शेवटपर्यंत शेठच. ती पोतं बांधायला लागली तेव्हा जवळ आले. “मावशी, हा तुकडा द्या मला. जोडीनं मांडतो. म्हणाल ती किंमत देतो.”

“ह्यो इकायचा न्हाई.”

“धुण्याला दुसरा दगड मिळेल की.”

“धुन्याला मिळंल. साक्षीला न्हाई मिळायचा.” तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, तिथल्या दोघांनी पोतं उचलून दिलं, आणि ओझ्याखालून ती शांतपणे म्हणाली, “ह्यो माझ्या मोरीपाशी ऱ्हाईल. पुन्ना पाटी बदलली तर सांगा, म्या याला घेऊन येते. एसटी रोज हाय.”