जुन्या गावातली तूर

नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. भूकंपात पडलेल्या आणि लोकांनी सोडून दिलेल्या गावाच्या मधोमध, उपग्रहाच्या चित्रात मला एक हिरवा चौकोन दिसला. सरकारी नोंदीत ती जागा पडीक होती. लातूरच्या क्लासनं मला एकच शिकवलं होतं, उत्तर चार पर्यायांतलंच असतं. मी ‘अतिक्रमण’ निवडलं आणि चोर पकडायला तिथं गेले.

तिथं कमरेएवढी तूर उभी होती. सिंधुबाई नावाची म्हातारी खुरपं घेऊन आडवी आली.

“कोन गं तू? जागा मोजाया आलीस?”

“आधी तुम्ही सांगा, कुणाच्या जागेत पेरलंय?” मी खेकसले.

“माझ्या घरात. ही वसरी, ही आतली खोली.”

खोलीत खाटेएवढा तुकडा मोकळा होता.

“मग इथं का नाही पेरलं?”

“हितं पोरगी झोपली व्हती.”

मी उपग्रहातून पिकं बघते, एवढंच कसंबसं सांगितलं.

“वरून समदं दिसतंय?”

“हो.”

तिनं माझ्याकडं संशयानं बघितलं.

“मग त्या पहाटं आमी ढिगाऱ्याखाली व्हतो, तवा कोन बघत व्हतं?”